सव्वाअकरा शर्ट

इस्त्री अकराशे ऐंशीची.
हजार इस्त्रीचे,
नव्वद केंद्राचे, नव्वद राज्याचे.
गांधीबागेतल्या त्या दुकानानं पक्कं बिल दिलं हेच खूप,
एरवी "बिल पायजे का?" असं विचारतात
जसं काही दुखतंय का विचारावं.

रेवता केळझरकर बिल घेऊन माझ्याकडं आली.
मी दुसऱ्यांची विवरणपत्रं भरते;
वीस तारखेपर्यंत मला जेवायची शुद्ध नसते
हे तिला माहीत. तरी अठराला आली.

"हे नव्वद कोनाचे जी?"
दिल्लीचे.
"अन् हे?"
मुंबईचे.
"अन् नागपूरचे?"
मी हसले. ती नाही हसली.

छिंदवाडा रोडला करखात्याचे साहेब घडवतात,
त्या भिंतीपासून दोन कडुनिंब सोडून तिचा ठेला.
देशभरातली पोरं पहाटे धावतात
आणि जाताना शर्टांचं बोचकं टाकून जातात.
शर्टाला आठ रुपये.
तिनं पेरं मोजली, ओठ हलवत:
सव्वाअकरा शर्ट दिल्लीला,
सव्वाअकरा मुंबईले.
पाव शर्ट कसा गं, मी विचारलं.
"कॉलर," ती म्हणाली. "कॉलरलेच टाइम लागते."

मग मी समजावलं, जसं अशिलांना समजावते:
कारखानदार भरतो, ठोकवाल्याकडून वसूल करतो,
ठोकवाला दुकानदाराकडून, दुकानदार तुझ्याकडून.
"अन् मी?"
तुझ्यापुढं कुणी नाही.
बंगल्यातल्या बाईनं घेतली असती
तर तिलाही एकशे ऐंशीच.
"तिचे किती शर्ट होतात?"
हा रकाना माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नाही.

दिल्लीच्या नव्वदातले थोडे परत येतात, मी म्हटलं.
माणसं मोजतात, जंगल मोजतात,
आणि श्रीमंत राज्यापासून कोण किती लांब ते मोजतात.
आपलं राज्य फार लांब नाही,
म्हणून आपल्याला कमी.
"मी कुटं जवळ हावो?"
तू सरासरीत जवळ आहेस.
तुझे पैसे बिहारातल्या एखाद्या इस्त्रीवालीला जात असतील.
"जाऊ द्या ना जी." क्षणभर थांबून,
"तिच्यापर्यंत पोचते का पन?"

अधिभार, उपकर यांचं मी बोललेच नाही.
त्यातलं वाटपात काही येत नाही,
ते घरातल्या थोरल्यानं वेगळ्या ट्रंकेत ठेवलेलं.
आणि राज्य तरी खाली किती सोडतं,
महापालिकेला विचारा.
हिवाळी अधिवेशन जवळ आलं होतं,
सिव्हिल लाइन्सचे रस्ते तेवढे काळेभोर झाले होते.

तिसऱ्या आठवड्यात इस्त्रीची कॉइल गेली.
दुकानदार म्हणाला, बिल आण.
बिल कमरेच्या बटव्यात, घामानं चोळामोळा.
तिनं केलं ते जे तिला सगळ्यात चांगलं येतं:
कोळशाची जुनी इस्त्री काढली,
पाण्याचा शिपका मारला, अन् बिलावरून फिरवली.

माझ्या टेबलावर तो कागद आणून ठेवला.
एक चुणी नाही. कडा सुतात.
आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा.
खिडकीशी धरला, तिरपा धरला,
हजार नाही, नव्वद नाही, दुसरं नव्वद नाही.
"आता मी टॅक्स भरला का नाही भरला?"

ते दुकान माझंच अशील.
त्या महिन्याचं विवरणपत्र मीच भरलं होतं.
उघडून दाखवलं:
नोंदणी नसलेले ग्राहक, एकूण.
एकच ओळ. नावं तिथं नसतात.
यात तू आहेस, मी म्हटलं,
आणि बोट कुठं ठेवायचं ते मला कळेना.

संध्याकाळी ठेल्यावर कोळसा फुंकत होती.
"यावर हाये का जी?"
पक्क्या बिलानं घेतला तर.
"मंग नाही," ती म्हणाली,
आणि कोण्या भावी आयुक्ताच्या शर्टाची
कॉलर उलटी करून
आधी आतून दाबायला लागली.